प्रभागातलं काम महापालिकेच्या बजेटमध्ये कसं न्यायचं? सोलापूरकरांसाठी सविस्तर मार्गदर्शन

फेब्रुवारी-मार्चमध्ये पेपरात बातमी येते: महापालिकेचं अंदाजपत्रक सादर, अमुक कोटींचं. त्या दिवशी गल्लीगल्लीतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चर्चा पेटते. आमचा रस्ता का नाही, ड्रेनेज कधी, दिवाबत्तीला पैसे कुठे गेले? प्रश्न सगळे बरोबर असतात, पण विचारायची वेळ तेव्हा टळून गेलेली असते. खात्यांनी आपापल्या मागण्या कधीच लेखा विभागाकडे दिलेल्या असतात.

नागरिकांचा सहभाग म्हटलं की हल्ली पहिलं वाक्य असतं, 'एक ॲप काढू.' माझं मत याच्या उलट आहे. ॲप सगळ्यात शेवटी. सूचना बजेटमध्ये जायची असेल तर तिला तीन गोष्टी लागतात: एक लेखाशीर्ष (म्हणजे बजेटमधली ती खर्चाची ओळ, जिच्यातून पैसे मिळतील), एक तारीख आणि 'हो' किंवा 'नाही' असं कारणासकट उत्तर. मोबाईल, एक्सेल, नकाशा, फॉर्म हे सगळं या तीन गोष्टींसाठी वापरायचं. पुढची पद्धत एका प्रभागातल्या आठ-दहा जणांच्या गटाला झेपेल अशी आहे. खर्च जवळपास शून्य, वेळ मात्र भरपूर लागतो.

आधी कॅलेंडर भिंतीवर लावा

सोलापूर महापालिका महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ प्रमाणे चालते. कलम ९५ नुसार आयुक्त पुढच्या वर्षाच्या जमाखर्चाचा अंदाज तयार करून स्थायी समितीपुढे ठेवतात. कराचे दर कलम ९९ प्रमाणे २० फेब्रुवारीपर्यंत ठरायचे असतात आणि नवं आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. म्हणजे आयुक्तांच्या टेबलावर आकडे जुळतात ते हिवाळ्यात, आणि खात्यांची जुळवाजुळव त्याच्याही आधी सुरू होते.

म्हणून गटाने जुलैमध्ये बसावं. जुलै-ऑगस्ट बजेट वाचायला, सप्टेंबर-ऑक्टोबर सूचना गोळा करायला आणि जागेवर जाऊन तपासायला, नोव्हेंबरमध्ये लोकांचा कौल, आणि नोव्हेंबर संपायच्या आत यादी झोन कार्यालयात. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला अख्खं सोलापूर होम मैदानावर येतं, तिथे टेबल टाकून सूचना घ्याव्यात असं कुणाच्याही मनात येईल. पण तोवर उशीर झालेला असतो. यात्रेत ठरलेल्या कामांची यादी लोकांना दाखवा, नव्या मागण्या घेऊ नका.

यंदा एक गोष्ट आपल्या बाजूने आहे. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत जवळपास चार वर्षं प्रशासकच अंदाजपत्रक करत आणि मंजूर करत होते. सभागृहात आपल्या भागाबद्दल बोलणारं कुणीच नव्हतं. आता २६ प्रभाग आणि १०२ नगरसेवक आहेत, बहुतेक प्रभागांत चौघे. एकाने टाळलं तर दुसऱ्याकडे जाता येतं. चौघांनाही एकाच दिवशी, एकच यादी द्या. एकालाच दिलीत तर ती त्याची यादी होते आणि उरलेले तिघे तिच्याकडे बघत नाहीत.

कायद्यातला आणखी एक आधार फारसा कुणी वापरत नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरांत प्रभाग समित्या आल्या, आणि २००९ मध्ये राज्याच्या कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद झाली. मतदान केंद्राच्या पातळीवर लोकांनी बसून कामं सुचवायची, प्राधान्य ठरवायचं, हीच त्यामागची कल्पना. क्षेत्रसभा भरवा अशी लेखी मागणी दरवर्षी करावी. उत्तर नाही आलं तरी तुमच्या यादीला कायद्याचा संदर्भ मिळतो, आणि पत्रात तो ठळकपणे लिहिता येतो.

बजेटचं पुस्तक वाचा

मागच्या दोन-तीन वर्षांची अंदाजपत्रकं मिळवा. वेबसाइटवर असतील तर उत्तम. नसतील तर माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ सांगतं की बजेट आणि खर्चाची माहिती कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायची आहे, त्याचा उल्लेख करून मागा. शहरांच्या हिशोबांसाठी केंद्राचं 'सिटी फायनान्स' हे पोर्टल आहे, तिथे महापालिकांचे लेखापरीक्षित हिशोब पाहायला मिळतात. निविदा पाहायच्या तर राज्याचं 'महाटेंडर्स' पोर्टल आहे.

पुस्तक हातात आलं की पहिल्या पानावरच्या मोठ्या आकड्याकडे बघू नका. आतल्या प्रत्येक ओळीसमोर साधारण चार रकाने असतात: मागच्या वर्षी प्रत्यक्ष झालेला खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाची तरतूद. खरी गोष्ट मूळ आणि सुधारित यांच्या मधल्या फरकात असते. एखाद्या लेखाशीर्षाला वर्षाच्या सुरुवातीला एक कोटी दाखवले आणि सुधारितमध्ये वीस लाख उरले, तर त्या ओळीत काम मागून उपयोग नाही. आधी ते पैसे का कमी झाले ते विचारायचं.

पुढची अडचण तांत्रिक आहे. पुस्तक बहुतेकदा स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये असतं, नाहीतर जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं, जे कॉपी केलं की अक्षरांचा चुरा होतो. गूगल लेन्सने पानाचा फोटो घेतला तर मराठी मजकूर बऱ्यापैकी उचलला जातो. आकड्यांवर मात्र विश्वास ठेवू नका. ३ आणि ८, १ आणि ९ यांची सर्रास अदलाबदल होते, आणि एक शून्य पडलं की लाखाचे हजार होतात. एकाने आकडे वाचायचे, दुसऱ्याने एक्सेलमध्ये भरायचे, आणि शेवटी बेरीज पुस्तकातल्या बेरजेशी ताडून बघायची. सगळं पुस्तक भरायची गरज नाही. रस्ते, ड्रेनेज, पाणीपुरवठा, दिवाबत्ती, उद्यान, शाळा आणि आरोग्य एवढी पानं पुरेत.

तीन राखीव तरतुदी वेगळ्या रंगाने रंगवा: महिला व बालकल्याणासाठी ५ टक्के, दुर्बल घटकांसाठी ५ टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के. हा पैसा दुसरीकडे वळवायचा नसतो, आणि योग्य प्रस्ताव वेळेत आले नाहीत तर तो पडून राहतो. पूर्व भागात घरी बसून विड्या वळणाऱ्या हजारो बायका आहेत. पाळणाघर, स्वच्छतागृह, आरोग्य तपासणी यांतली एखादी मागणी या शीर्षाखाली लेखी गेली, तर ती 'निधी नाही' म्हणून सहज परत पाठवता येत नाही.

तक्रार वेगळी, मागणी वेगळी

इथेच बहुतेक प्रयत्न कोलमडतात. लोकांना विचारा, 'काय हवंय?' सोलापुरात दहांतले आठ जण म्हणतील, 'रोज पाणी.' बरोबरच आहे. काही दिवसांआड, कधी मध्यरात्री येणाऱ्या पाण्यासाठी जागणाऱ्या माणसाने दुसरं काय मागावं? पण उजनीहून येणारी जलवाहिनी, पंपिंग, साठवण टाक्या हे शहराच्या पातळीचं काम आहे. ते प्रभागाच्या यादीत लिहिलं की यादी फाइलमध्ये बंद होते. त्याच माणसाला पुढचा प्रश्न विचारा: पाणी आल्यावर तुमच्या गल्लीत काय होतं? मग कळतं की शेवटच्या पाच घरांना दाब नसतो, एक व्हॉल्व्ह गळतो, जुनी दोन इंची लाइन आहे, किंवा पाणी येण्याची वेळच कुणाला माहीत नसते. व्हॉल्व्ह दुरुस्ती ही तक्रार आहे, ती झोनमध्ये आजच नोंदवा. नवी चार इंची लाइन ही भांडवली कामाची मागणी आहे, ती यादीत घ्या. वेळेचा मेसेज लोकांपर्यंत पोचवणं याला तर बजेटही लागत नाही.

प्रत्येक सूचना चार कप्प्यांत टाका: दुरुस्ती, नवं काम, शहराचं धोरण, आणि महापालिकेच्या अखत्यारीत नसलेलं. शेवटच्या कप्प्यात सोलापुरात बरंच काही जातं. राष्ट्रीय महामार्ग, रेल्वेची हद्द, एमआयडीसीचे रस्ते यांवर महापालिका परस्पर खर्च करत नाही. विडी घरकुलसारखी मोठी वस्ती लोकांच्या बोलण्यात सोलापूरच आहे, पण ती कुंभारीच्या हद्दीत येते. हद्दवाढ भागात वेगळीच गुंतागुंत आहे. १९९२ मध्ये आसपासची गावं शहरात आली, आणि तिथल्या अनेक वसाहती गुंठेवारीच्या आहेत. रस्ता कागदावर रस्ता आहे का, की अजून कुणाच्या सातबाऱ्यावर आहे, हे आधी बघा. राज्याच्या 'महाभूलेख' संकेतस्थळावर सातबारा पाहता येतो, मंजूर लेआउट नगररचना विभागात मिळतो. हा एक तास वाचवायला गेलात तर वर्ष जाईल.

सूचना गोळा करताना फोन कुणाच्या हातात आहे ते बघा

गूगल फॉर्म काढणं अर्ध्या तासाचं काम. पण फक्त फॉर्म पाठवलात तर उत्तरं जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोड इथल्या सोसायट्यांतून येतील, आणि अशोक चौकाच्या पलीकडे सन्नाटा असेल. तिथल्या घरात स्मार्टफोन एक असतो, तो कामावर गेलेल्या माणसाच्या खिशात असतो, आणि वस्तीची गरज सगळ्यात जास्त माहीत असलेली बाई घरात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत असते. तिच्यापर्यंत जायचं तर ती जिथे तयार विड्या द्यायला जाते त्या कारखान्याच्या शाखेत, रेशन दुकानात किंवा अंगणवाडीच्या दारात जाऊन बसावं लागतं. यंत्रमागाच्या पाळीवर जाणाऱ्याला गाठायचं तर पाळी सुटायच्या वेळी.

यासाठी कोबोटूलबॉक्स नावाचं मोफत साधन चांगलं आहे. कार्यकर्ता आपल्या मोबाईलवर माहिती भरतो, नेट नसलं तरी चालतं, नंतर आपोआप वर जाते. जागेचा नकाशावरचा बिंदू आणि फोटो त्याच नोंदीला जोडता येतो. शिकायला एक संध्याकाळ लागते.

भाषेचा विचार मनापासून करा. आपल्या शहरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू घराघरांत बोलली जाते. यंत्राने केलेलं भाषांतर छापून वाटण्यापेक्षा त्या त्या गल्लीतल्या एखाद्या अक्काच्या किंवा चाचांच्या आवाजात दीड मिनिटाचा ऑडिओ मेसेज करा: 'आपल्या गल्लीसाठी पुढच्या वर्षी महापालिकेकडे एक काम मागायचंय, कोणतं मागू या?' घरात तेलुगू बोलणाऱ्या बऱ्याच जणांचं शिक्षण मराठीत झालंय, त्यामुळे तेलुगू लिपीतला कागद त्यांनाही वाचता येईलच असं नाही. आवाज मात्र सगळ्यांना कळतो, आणि उत्तरही त्यांनी आवाजातच पाठवावं.

फॉर्ममध्ये पाचच प्रश्न ठेवा: काय हवं, नेमकं कुठे, किती घरांना उपयोग, आज त्यावाचून काय अडतं, आणि उत्तर कळवायला फोन नंबर. जात, उत्पन्न, आधार नंबर यांतलं काहीही विचारू नका. फोन नंबर वेगळ्या शीटमध्ये ठेवा आणि ती शीट दोघांकडेच असू द्या. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहेच, पण त्याहून साधं कारण हे की निवडणुकीच्या काळात अशा याद्यांवर डोळा असतो. एकदा यादी बाहेर गेली की त्या गल्लीत पुढच्या वर्षी कुणी दार उघडणार नाही.

छाननी जागेवर, अभियंत्याबरोबर

आलेल्या सूचना गूगल माय मॅप्सवर टाका. एकाच जागेबद्दलच्या दहा सूचना एकत्र होतात, आणि कुठल्या गल्लीतून एकही सूचना आली नाही तेही दिसतं. रिकाम्या जागी पुन्हा जा.

मग झोनच्या कनिष्ठ अभियंत्याला भेटा. पंधरा-वीस कामांची नीट यादी, फोटो आणि नकाशा घेऊन गेलात तर तो वेळ देतो, हे मी खात्रीने सांगतो. त्याच्या मागेही तक्रारींचा डोंगर असतो, आणि असं व्यवस्थित काम कुणी त्याच्यापुढे ठेवत नाही. त्याच्याकडून तीन गोष्टी घ्या. काम तांत्रिकदृष्ट्या होऊ शकतं का? सरकारी दरसूचीप्रमाणे (कामांच्या ठरलेल्या दरांप्रमाणे) अंदाजे खर्च किती? आणि लेखाशीर्ष कोणतं? रस्ता मागताना खालचं ड्रेनेज आणि पाण्याची लाइन यांचं काय ठरलंय ते त्याच भेटीत विचारा. नवा डांबरी रस्ता सहा महिन्यांत फोडला गेल्याचं दुःख प्रत्येक सोलापूरकराच्या वाट्याला आलंय, आणि ते टाळायची जागा ही भेटच आहे.

ज्या सूचना बाद झाल्या, त्या देणाऱ्याला फोन करा. कारण सांगा: जागा खाजगी आहे, काम आधीच मंजूर आहे, खर्च फार आहे. हा फोन टाळायचा मोह होतो, टाळू नका. लोक 'नाही' समजून घेतात. काहीच न कळणं त्यांना सहन होत नाही, आणि पुढच्या वेळी ते बोलणं सोडतात.

कौल घेताना

ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्री शहराने १९८९ मध्ये नागरिकांच्या हाती बजेटचा काही भाग दिला, तेव्हा एक शहाणपणाचा नियम ठेवला होता: ज्या भागात सोयी कमी, त्याला जास्त वजन. पुणे महापालिकेने २००६-०७ पासून नागरिकांकडून कामांचे अर्ज घ्यायला सुरुवात केली, तो आपल्याला जवळचा अनुभव. बार्सिलोनाने २०१६ मध्ये नागरिकांच्या सहभागासाठी 'डेसिदिम' नावाची मुक्त ऑनलाइन प्रणाली उभी केली. ती कुठल्याही महापालिकेला फुकट वापरता येते. आपल्या महापालिकेने कधी मनावर घेतलं तर नवं ॲप विकत घेण्याआधी तिच्याकडे जरूर बघावं. प्रभागातल्या गटाला मात्र एवढी मोठी यंत्रणा लागत नाही.

नुसतं ऑनलाइन मतदान घेतलं तर दोनशे फ्लॅटची सोसायटी एका रात्रीत जिंकते. म्हणून प्रभागाचे आधी वस्तीनुसार चार-पाच भाग पाडा आणि प्रत्येक भागातून किमान एक काम अंतिम यादीत येईल असं ठरवून टाका. दुसरं, मत देताना माणसाला 'आवडतं काम' विचारू नका. त्याला ठरावीक रक्कम द्या, समजा पंचवीस लाख, आणि प्रत्येक कामासमोर अभियंत्याने सांगितलेला खर्च लिहा. त्या रकमेत बसतील तेवढी कामं निवडायची. लोक थांबून विचार करतात, शेजाऱ्याशी बोलतात, एक मोठा रस्ता की तीन छोटी कामं यावर वाद घालतात. हा वाद महत्त्वाचा आहे, तो होऊ द्या.

रविवारी सकाळी तीन-चार ठिकाणी टेबलं मांडा, कागदी मतपत्रिका, कामाचं चित्र छापलेली. ऑनलाइन फॉर्मही चालू ठेवा, पण दोन्हींची मोजणी वेगवेगळी जाहीर करा. मतासाठी घरपट्टीची पावती किंवा मतदार यादीतलं नाव मागू नका, भाडेकरू आणि गावाकडून आलेले कामगार त्यात गळतात. 'मी या भागात राहतो' हे आणि गल्लीचं नाव पुरे. दोन-चार मतं दुबार पडतील, हरकत नाही. हा सल्लामसलतीचा कौल आहे. मोजणी सगळ्यांसमोर करा आणि आकड्यांच्या तक्त्याचा फोटो त्याच संध्याकाळी ग्रुपवर टाका.

यादी देणं

एका पानाचं पत्र. कामाचं नाव, जागा, लाभार्थी घरं, अंदाजित खर्च, लेखाशीर्ष, मिळालेली मतं. आयुक्त, मुख्य लेखा अधिकारी, नगर अभियंता, झोन अधिकारी आणि चारही नगरसेवक यांना प्रत. आवक क्रमांकाचा शिक्का घ्या आणि त्याचा फोटो जपून ठेवा. ईमेलही करा, पण शिक्क्याला पर्याय नाही. पत्राच्या शेवटी एकच विनंती: प्रत्येक कामासमोर 'समाविष्ट' किंवा 'नाही, कारण' असं लेखी कळवावं.

एप्रिलनंतर खरं काम

तरतूद झाली म्हणजे काम झालं नाही. पुढे प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करायचा लेखी आदेश), प्रत्यक्ष काम, मोजमाप पुस्तकातली नोंद (काम किती झालं त्याची) आणि बिल, एवढे टप्पे आहेत. गूगल शीटमध्ये प्रत्येक कामाची एक ओळ आणि प्रत्येक टप्प्याला एक रकाना करा, त्यात फक्त तारीख लिहायची. ही शीट सगळ्यांना बघता यावी, बदलता दोघांनाच यावी. क्यूआर कोड छापून रेशन दुकान, वाचनालय, समाजमंदिर इथे लावा. ग्रुपवर महिन्यातून एकच मेसेज: कोणतं काम कुठल्या रकान्यात सरकलं. रोज मेसेज टाकलेत तर लोक ग्रुप म्यूट करतात.

तारीख मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो, शुल्क १० रुपये, आणि उत्तर ३० दिवसांत यायला हवं. 'का झालं नाही' असं विचारू नका, कागद मागा: अमुक कामाच्या कार्यादेशाची प्रत, मोजमाप पुस्तकाची पानं, अदा केलेल्या देयकाची प्रत. बऱ्याचदा अर्जाचीही गरज पडत नाही. २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे महापालिकांसह स्थानिक संस्थांच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना फाइल पाहता येते. दोघांनी जा. एकाने फाइल वाचायची, दुसऱ्याने टिपणं घ्यायची.

काम सुरू झालं की जागेवरच्या फलकावरची रक्कम आणि मुदत यांचा फोटो घ्या, मग आठवड्यातून एकदा त्याच जागेवरून, त्याच कोनातून, तारीख आणि ठिकाण छापलं जाईल अशा कॅमेरा ॲपने. काम संपल्यावर दोष दायित्वाचा कालावधी किती आहे हे कार्यादेशात लिहिलेलं असतं. ती शेवटची तारीख शीटमध्ये टाका आणि तिच्या दोन महिने आधीची आठवण मोबाईलमध्ये लावा. त्या मुदतीत खड्डा पडला तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने करायची असते, पण प्रत्यक्षात ती होते त्या काळात कुणी लेखी मागितलं तर. डिसेंबरपर्यंत जी कामं निविदेपर्यंतही गेलेली नाहीत, त्यांची वेगळी यादी करून पुन्हा लेखा विभागात द्या, म्हणजे ती सुधारित अंदाजात कापली जाण्याऐवजी पुढच्या वर्षात ओढली जातील.